आतून न उघडणारं दार

४ मार्च

वर 'चिरंजीव' लिहिलं होतं, खोडलं. हात सवयीने लिहून गेला.

तुझं कार्ड मिळालं. कबूतर काढलंयस, चोचीत फांदीबिंदी धरलेलं. चित्रकला तुला कधीच येत नव्हती, कोंबडी वाटतेय. खाली लिहिलंयस, "आई, माझं तारण झालं." मी दुकानात उभ्याउभ्या वाचलं, एका हातात कार्ड, एका हातात सुरा. समोरची बाई घाबरून म्हणाली, काय झालं हो? म्हटलं, काही नाही, मुलगा पास झाला.

तारण झालं म्हणे! तीन वर्षांपूर्वी तू सख्ख्या भावाच्या मांडीत सुरी घातलीस. आपल्याच दुकानात, आपलीच सुरी. वर त्याला थंड खोलीत ढकलून बाहेरून कडी लावलीस, आणि माझा धाकटा आत मांसाच्या तुकड्यांखाली बसून रक्त जाऊन मेला. तुला जन्मठेप झाली तेव्हा मला वाटलं, चला, निदान आता तुझं नाव ऐकायला लागणार नाही. आणि तू तिथून कबुतरं पाठवतोस.

तुला दोन गोष्टी हव्यात. सहा एप्रिलला, रविवारी, तुरुंगाच्या अंगणात तुझा बाप्तिस्मा. तिथल्या पाळकांनी सांगितलंय की ज्याच्याशी वाकडं आहे त्याच्याशी आधी नीट करून ये, म्हणून माझ्या हातची एक ओळ हवी, 'माफ केलं'. आणि पांढरा शर्ट.

शर्ट मागताना जीभ झडली नाही तुझी? घरात एकच पांढरा शर्ट आहे आणि तो कुणाचा हे तुला पक्कं माहीत आहे. धाकटा अठराचा झाला तेव्हा त्याच्या बाप्तिस्म्यासाठी मी हाताने शिवला होता. अख्खी मंडळी हौदाभोवती उभी होती, गाणं सुरू झालं होतं, आणि हा पठ्ठ्या मागच्या दाराने पळाला. शर्ट खुर्चीवर तसाच घडी घातलेला. तेव्हापासून ट्रंकेत आहे.

आता बघ काय झालंय ते. माणसाने जिवंतपणी, स्वतःच्या तोंडाने प्रभूला हाक मारायची, मेल्यावर मागे राहिलेल्यांनी कितीही ऊर बडवला तरी काही होत नाही. हे तुम्हा दोघांना मीच मांडीवर बसवून शिकवलं. म्हणजे तू मेलास की वर जाणार. तुमचे बाबा आधीच वर. मीही जाईन, म्हणे. आणि ज्याला मारलं तो एकटा बाहेर, दातओठ खात, कायमचा. वा रे न्याय!

मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. तो आत होता आणि तू दाराबाहेर होतास. शेवटी तो काय बोलला? प्रभूचं नाव घेतलं का? एकदा तरी? ते खरं खरं लिही, मग तुझ्या ओळीचं बघू.

— आई (हेही खोडणार होते)


१२ मार्च

चार पानं लिहिलीस आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर एका पानावर नाही. "सगळं प्रभूच्या हाती सोपव." अरे शहाण्या, सुरी कुणाच्या हाती होती?

मला उपदेश करू नकोस. मी खाटकाची बायको, खाटकाची सून. रक्त कसं जातं हे मला कुणी शिकवायला नको. मानेला बसलं तर जनावर मान टाकेपर्यंत खेळ संपतो, पोटाला बसलं तर तासभर ओरडतं. कोर्टाच्या कागदात लिहिलंय, डाव्या मांडीच्या आतल्या बाजूची मोठी शीर अर्धवट कापली गेली. डॉक्टर म्हणाले, सात ते दहा मिनिटं. पहिली चार-पाच तरी शुद्ध असणार. मी उभं राहून ऐकलं सगळं, तुझ्यासारखी मान खाली घातली नाही.

काल आपले पाळक आले होते. मी विचारलं, प्रभूला हाक मारायला किती वेळ लागतो हो? म्हणाले, "पापणी लवायला लागतो तेवढा. शेवटच्या श्वासालाही दार उघडं असतं. पण हाक ज्याची त्यानेच मारायची." मग चहा अर्धा टाकून गेले. म्हणजे पोराकडे वेळ होता. पापण्या लवायला पुष्कळ वेळ होता.

तुझ्या पत्रात लिहिलंयस, "सैतानाने माझा हात धरला." काही धरला नाही. मला माहीत आहे काय झालं ते. तू ओंडक्यावर मेंढ्याची मांडी सोडवत होतास. धाकट्याने चामड्याचा एप्रन काढून तुझ्या पायावर फेकला, म्हणाला, मी चाललो, मला हे दुकान नको, तुमचं चर्च नको. तू म्हणालास, बाबांना वर काय तोंड दाखवशील? तर तो हसला. म्हणाला, "बाबा तिथे असतील ना, मग मला तिथे यायचंच नाही. लहान पोरांना थंडीत कोंडणाऱ्याला आत घेतात, तिथे मी कशाला येऊ?" आणि तू वळलास.

एप्रन अंगावर असता तर सुरी चामड्यावरून घसरली असती. बाबांनी दोघांना पहिल्या दिवशी तेच तर सांगितलं होतं, सुरी आपल्याकडे ओढताना निसटते ती मांडीतच जाते, एप्रनशिवाय ओंडक्याजवळ जायचं नाही. एवढं ऐकलं असतंन मेल्याने तर आज जिवंत असता.

त्याचं बाबांबद्दलचं ते बोलणं मीही विसरलेले नाही. मलाही झोंबलं होतं.

लिही. काय बोलला तो?


१९ मार्च

सात दिवस झाले. उत्तर नाही. ध्यानाला बसलायस वाटतं.

ऐक, मी काय केलं ते. तुला माहीत नसेल, त्या दिवसापासून थंड खोली बंद आहे. यंत्र बंद, दाराला कुलूप. छोट्या फ्रीजमध्ये मावेल तेवढंच विकते. काल दुपारी कुलूप काढलं. शेजारच्या शिंपिणीला बोलावलं, म्हटलं, तू काउंटरपाशी उभी राहा, मी आत जाते, बाहेरून कडी घाल, मी बोलेन ते ऐकू येतं का सांग. ती म्हणाली, "ताई, तुमचं डोकं फिरलंय." म्हटलं, फिरलंय, घाल कडी.

आतली मूठ अजून तुटलेलीच आहे. तुम्ही लहान असताना तुटली आणि बाबांनी मुद्दाम दुरुस्त केली नाही. तू वर्गात मारामारी केलीस की आत. धाकट्याने प्रार्थनेत डोळे उघडले की आत. "दहा मिनिटं डोकं थंड करा." बाहेर घड्याळ घेऊन उभे राहायचे. तू गप्प राहायचास. तो दार बडवायचा, रडायचा, शेवटी 'चुकलो' म्हणायचा, तेव्हाच कडी निघायची. मी कधी मध्ये पडले नाही. पोरं सुधारतील असं खरंच वाटायचं मला.

मी आत बसले. बॅटरी नेली होती. पोलिसांनी सगळं धुऊन काढलंय, पण दाराच्या पत्र्यावर आतून पोचे आहेत. ते धुतले जात नाहीत. खाली पडलेल्या लोखंडी आकड्याने मारलेत. सात पोचे कमरेच्या उंचीवर, चांगले खोल. मग दोन गुडघ्याच्या उंचीवर. मग दोन अगदी जमिनीलगत, ते आकड्याचे नाहीत, टाचेचे असावेत. बोट फिरवल्याशिवाय कळतसुद्धा नाहीत. मी तिथेच बसून राहिले. तुला शिव्या दिल्या, बाबांना दिल्या, आणि ज्याला द्यायच्या नाहीत त्यालाही दिल्या. दे म्हणावं शिक्षा.

शिंपिणीने दार उघडलं तेव्हा रडत होती. म्हणाली, "शब्द न् शब्द ऐकू आला."

काल करवत चालू नव्हती, हे खरं. त्या दिवशी चालू होती.

तू तर दारापासून दोन हातांवर होतास. अकरा वेळा मारलं त्याने. लिही, हरामखोरा.


२७ मार्च

पत्र मिळालं.

तर तू काही ऐकलंच नाहीस. भावाला भोसकलंस, कोंडलंस आणि हाडं कापायची करवत चालू केलीस, का, तर त्याचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून. मेंढ्याच्या नळ्या कापत उभा राहिलास. "मला वाटलं, जरासं लागलंय. मला वाटलं, दहा मिनिटांनी उघडू तेव्हा दोघं रडू आणि मिटेल." जरासं! सुरी मुठीपर्यंत लाल झालेली दिसली नाही तुला? दिसली. घाबरलास. लहानपणी घाबरायचास तसाच घाबरलास आणि गप्प बसलास. भित्रा कुठला!

आणि पुढे मला विचारतोस, "आई, तू पुढे काउंटरवर होतीस. तू काय ऐकलंस?"

माझ्यासमोर शाळेच्या स्वयंपाकघरातली बाई खिम्यासाठी उभी होती. करवतीचा आवाज होता. मी कोर्टात शपथेवर सांगितलंय, मला काही ऐकू आलं नाही. परत विचारू नकोस.

आणि ती दहा मिनिटांची गोष्ट तू पत्रात कशाला लिहितोस? तिथे पत्रं उघडून वाचतात हे तुला कळत नाही? तीन वर्षं बोलला नाहीस, वकिलाने इतकं खोदलं तरी बोलला नाहीस, आणि आता तारण झालं म्हणून तोंड सुटलं का?

"मी खोटं बोलणार नाही, पण तुझ्याबद्दल मी कुणाला सांगणारही नाही" असं लिहिलंयस. उपकार झाले.

गिऱ्हाईक आलंय.


२ एप्रिल

वाचू दे त्यांना. हे पत्र जो कोण उघडेल त्याने आधी नीट वाचावं आणि मग माझ्या मुलाला द्यावं.

चार दिवस मी अन्न शिजवलं नाही. शिंपीण दार वाजवून गेली, मी ओ दिली नाही. कुणीही दार वाजवलं की मी दोन्ही कान दाबून धरते.

सांगते.

दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. तू मागून पुढे आलास. एप्रन रक्ताने भरलेला. आपल्या घरात रक्ताचा एप्रन ही काही बातमी नाही, मी बघितलंसुद्धा नाही. तुझा चेहरा बघायला हवा होता. तू म्हणालास, "आई, त्याला कोंडलाय. बाबांबद्दल वाट्टेल ते बोलत होता." मी विचारलं, काय बोलला, आणि तू सांगितलंस. मी त्या बाईला खिमा तोलत होते. मी म्हटलं, "राहू दे दहा मिनिटं. डोकं थंड होऊ दे त्याचं." बाबांचेच शब्द, बाबांसारखंच घड्याळाकडे बघून. तू मिनिटभर तसाच उभा राहिलास. तुला मला काहीतरी सांगायचं होतं, नाही का? मी म्हटलं, "जा, काम कर." तू गेलास आणि करवत चालू झाली.

माझ्या तोंडून 'उघड' निघालं असतं तर तू पळत जाऊन उघडलं असतंस. आयुष्यात तू माझा एकही शब्द मोडला नाहीस. कोर्टात तू हे सांगितलं नाहीस. तू सांगत नाहीस म्हणून मी तुझा आणखी राग राग केला.

बाई गेली. तू हाड बदललंस की करवतीचा आवाज खाली यायचा, तेवढ्यात ऐकू यायचं. ठण. ठण. मला बरं वाटलं. खरं सांगते, बरं वाटलं. म्हटलं, बडव, मेलेल्या बापाला नावं ठेवतोस काय, बडव जरा. मग हाक आली, "आई." एकदा, दोनदा. तुला नाही, देवाला नाही, मला. मी हात पुसले आणि दारापाशी गेले. तुझी पाठ होती माझ्याकडे, तुला दिसलं नसेल. माझा हात कडीवर होता. तो अगदी दाराला तोंड लावून बोलला, आवाज खालून येत होता. मला वाटलं, रुसून खाली बसलाय.

तो म्हणाला, "आई, चुकलो मी. उघड ना."

मी घड्याळ बघितलं. चार मिनिटं बाकी होती. आणि बाबांबद्दल बोललेलं डोक्यात होतं. हौदाकडून पळाला होता, तेही डोक्यात होतं, मंडळीसमोर गेलेली अब्रू. मी म्हटलं, "मला नको सांगूस. देवाला सांग."

आणि परत काउंटरवर येऊन उभी राहिले.

नंतर दोन आवाज झाले, हलके. ते टाचेचे. मग नाहीच. मला वाटलं, चला, ऐकतोय म्हणजे, सुधारतोय. अडीचला मी स्वतः कडी काढली. तो दाराला पाठ टेकून बसला होता, दार उघडलं तसा माझ्या पायांवर पडला. चपला भरल्या माझ्या. तू कोर्टात सांगितलंस की दार तू उघडलंस.

तीन वर्षं मी 'तो काय बोलला' म्हणून ऊर बडवतेय आणि महिनाभर तुझा जीव खातेय. तो काय बोलला ते मला माहीत होतं. मला त्याच्या पुढचा शब्द हवा होता. मी म्हटलं, देवाला सांग, तर त्यानंतर त्याने सांगितलं का? मला वाटलं, तू ऐकलं असशील. तू 'हो' लिहिलं असतंस ना, खोटं का होईना, मी ते गळ्यात बांधून मेले असते. तू खोटं लिहिलं नाहीस. तेव्हा मला तुझा इतका राग आला, आणि त्याच दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की तुझं खरंच काहीतरी झालंय तिथे.

शाळेत नाही, मारामारीत नाही, कुठेच नाही; त्याने आयुष्यात कुणाला 'चुकलो' म्हटलं असेल तर या एकाच दाराआडून. आणि ते ऐकायला बाहेर मी होते.


४ एप्रिल

बाळा,

काल पाळकांकडे गेले. परवाचं सगळं त्यांना तोंडाने सांगितलं. मध्येच ते 'आपण प्रार्थना करू' म्हणाले, मी म्हटलं, आधी ऐका. ऐकून त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. मी विचारलं, दाराआडून आईला 'चुकलो' म्हटलेलं वर धरतात का? म्हणाले, "मला माहीत नाही, ताई." बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाला काहीतरी माहीत नव्हतं. खोटा धीर दिला असता तर मी तिथेच त्यांच्या अंगावर धावून गेले असते. पण त्यांनी माझ्यासमोर बसून मला रडू दिलं.

तिथूनच पोलीस चौकीत गेले. लिहून दिलं, दहा मिनिटं माझी, कडी मी काढली, शपथेवर खोटं बोलले. तिथला हवालदार म्हणाला, "आता हे सांगून काय होणार, मावशी?" म्हटलं, तुला काय करायचंय, तू लिहून घे. सोमवारी साहेबांपुढे जायचंय. म्हणजे रविवार मोकळा आहे.

थंड खोलीचं दार काढून टाकलं. सुताराने बिजागऱ्या तोडल्या. दार भिंतीला उभं करून ठेवलंय, पोच्यांची बाजू माझ्याकडे करून. भंगारवाला विचारत होता, हाकलला.

'माफ केलं' ही ओळ अजून लिहवत नाही. पेन तिथे जातं आणि अडतं. तू त्याच्या मांडीत सुरी घातलीस, त्यावर पांघरूण घालायला मी येत नाहीये. पण मी कोण तुला आधी नीट करून ये म्हणणारी? तू मला माफ केलंस का, ते मला तोंडावर सांग. मग माझ्या तोंडून काय निघायचं ते तिथेच निघेल. हे पत्र मी आजच तुरुंगाच्या फाटकावर देते; तुझ्या पाळकांना सांग, बाई येतेय, ओळ घेऊन नाही, तशीच येतेय.

शर्ट आणते. तुझी छाती रुंद, त्याला तू नेहमी 'काडी' म्हणायचास. शिंपिणीने दोन्ही बगला उसवून पट्ट्या जोडल्यात. पांढऱ्यात पांढरं, पण दिसतात. दिसू देत.

मी पाळकांना हेही विचारलं की मेलेल्याच्या वतीने दुसऱ्याला पाण्यात उतरता येतं का. म्हणाले, नाही, आपल्यात तसं नाही. ठीक आहे. तू त्याचं नाव घेऊ नकोस. त्याच्यासाठी काही बोलूही नकोस, नाहीतर तिथले लोक मध्येच थांबवतील. तुझं काय असेल ते तू तुझ्या तोंडाने बोल. फक्त शर्टाची सगळी बटणं लाव, गळ्याचंही, आणि डोक्यावरून पाणी जाईपर्यंत खाली जा. घाईने वर येऊ नकोस.

बाहेर आलास की तिथेच काढ, आणि न पिळता माझ्या हातात दे.

आई